विल्यम्स की डिमॅजिओ: आधी कोणाला धरावं?

क्रिकेट बघत वाढलेल्या माणसाने बेसबॉलच्या नियमांशी झटापट करत बसू नये, सरळ एका खेळाडूची कारकीर्द धरावी. बोस्टनला नोकरीला गेलेल्या भाच्याला मी हे सांगितलं, तर त्याचा लगेच प्रश्न, "मामा, कोणाची?" माझ्या लेखी नावं दोनच आणि दोघंही १९४१ च्या हंगामात समोरासमोर सापडतात.

न्यूयॉर्क यांकीजच्या जो डिमॅजिओने त्या वर्षी १५ मे ते १६ जुलै सलग ५६ सामन्यांत किमान एक तरी हिट मिळवली, म्हणजे चेंडू मारून आउट न होता बेसवर (धावताना गाठायच्या टप्प्यावर) पोचला. हा विक्रम अजून कोणाच्या हाती लागलेला नाही. १७ जुलैला क्लीव्हलँडमध्ये ६७ हजारांवर प्रेक्षकांसमोर तिसऱ्या बेसवरच्या केन केल्टनरने बरंच मागे उभं राहून त्याचे दोन सणसणीत फटके अडवले आणि मालिका तुटली. गडी पुढच्या सामन्यापासून पुन्हा सलग १६ सामने चालला!

बोस्टन रेड सॉक्सच्या टेड विल्यम्सची त्याच हंगामातली सरासरी, म्हणजे फलंदाजीच्या संधींत हिटचं प्रमाण, ०.४०६. इथे दहात तीन वेळा हिट मिळाली तरी फलंदाज चांगला समजतात. अमेरिकन आणि नॅशनल या तिथल्या दोन मोठ्या लीगमध्ये त्यानंतर कोणी ०.४०० गाठलेलं नाही. हंगामाच्या शेवटच्या दिवशी, २८ सप्टेंबरला, फिलाडेल्फियात दोन सामने होते आणि आकडा होता ०.३९९५५, म्हणजे कागदावर ०.४००च. मॅनेजर जो क्रोनिनने बाहेर बसायची मुभा दिली होती. विल्यम्स आदल्या रात्री शहराचे रस्ते तुडवत हिंडला, दुसऱ्या दिवशी दोन्ही सामने खेळला आणि आठपैकी सहा हिट मारल्या. १९४८ साली ओव्हलवर चार धावा हव्या असताना ब्रॅडमन शून्यावर गेला, त्याच्या अगदी उलट.

तरीही वर्षातला सर्वोत्तम खेळाडू ठरला डिमॅजिओ. गंमत म्हणजे त्या ५६ सामन्यांत त्याची सरासरी ०.४०८ होती, तर त्याच दिवसांत विल्यम्सची ०.४१२.

करंडक मोजणार असाल तर वाद मिटलाच. डिमॅजिओ १३ हंगाम खेळला आणि नऊ वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाअखेरच्या अजिंक्यपदाच्या मालिका, जिंकला. विल्यम्स १९ हंगामांत एकदाच, १९४६ मध्ये, तिथवर पोचला, २५ पैकी पाचच हिट काढल्या आणि संघ हरला. डिमॅजिओची सफाईही विलक्षण: ३६१ होम रन (आपल्या षटकारासारखे फटके) आणि स्ट्राइक आउट, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद, फक्त ३६९ वेळा. मॅरिलिन मन्रोशी झालेल्या लग्नाचं सगळ्यांना माहीत असतं, ते टिकलं जेमतेम नऊ महिने.

मी मात्र भाच्याला विल्यम्स सुचवला. ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू सोडणाऱ्याला मुंबईच्या मैदानावर जी दाद मिळते, तीच नजर इथे लागते. स्ट्राइकच्या चौकटीबाहेरच्या चेंडूला हा माणूस हात लावत नसे. चार वाईट चेंडू सोडले की फुकट पहिला बेस मिळतो, तो 'वॉक' त्याने दोन हजारांवर वेळा घेतला. आउट न होता बेसवर पोचण्याचं त्याचं प्रमाण ०.४८२, आजही सर्वांत वरचं. दोन युद्धांत जवळपास पाच हंगाम गेले, १९५३ मध्ये कोरियात गोळी लागून पेटलेलं जेट त्याने चाकांविना धावपट्टीवर उतरवलं, तरी ५२१ होम रन. स्वभाव मात्र फाटका, बोस्टनच्या पत्रकारांशी हाडवैर. १९६० मध्ये शेवटच्या फलंदाजीत होम रन मारला आणि प्रेक्षक ओरडत राहिले तरी टोपी उंचावायलाही बाहेर आला नाही.

डिमॅजिओ एका उन्हाळ्यात वाचून होतो, विल्यम्सला वेळ द्यावा लागतो. भाचा बोस्टनलाच असल्याने त्याची सोय आहे. रेड सॉक्सच्या फेनवे पार्क मैदानाच्या उजव्या स्टँडमध्ये हिरव्या खुर्च्यांत एकच लाल खुर्ची आहे, १९४६ मधला विल्यम्सचा ५०२ फुटांचा फटका पडला ती. पहिल्या सुट्टीत तिथून होम प्लेटकडे, म्हणजे फलंदाज उभा राहतो तिकडे, बघून ये, म्हटलं, मग फोन कर.