एफएमआरआयचे क्लस्टर तपासताना: रँडम फील्ड की परम्युटेशन?

एफएमआरआय म्हणजे रक्तप्रवाहावरून मेंदूची सक्रियता मोजणारं स्कॅन. त्यात मेंदूचे लाखभर व्हॉक्सेल (छोटे घन तुकडे) आणि प्रत्येकावर एक चाचणी. इतक्या चाचण्यांसाठी दुरुस्ती केली नाही तर निव्वळ योगायोगानेही काहीही सापडतं. 2009 साली मेलेल्या सामन माशाच्या स्कॅनमध्येही ‘सक्रिय’ व्हॉक्सेल निघाले होते. तेव्हा दुरुस्ती हवीच, ती कोणत्या पद्धतीने करायची एवढंच ठरवायचं.

एसपीएम, एफएसएल या विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये रूळलेली पद्धत रँडम फील्डची, म्हणजे गोंगाट कसा असतो याच्या गणिती सूत्राची. उत्तर चटकन मिळतं, पण क्लस्टरच्या (लागून असलेल्या सक्रिय व्हॉक्सेलच्या पुंजक्याच्या) आकारावर निकाल द्यायचा तर ती बरंच काही धरून चालते. डेटाची स्मूदनेस (शेजारच्या व्हॉक्सेलमधलं सारखेपण) मेंदूभर सारखी आहे आणि दोन व्हॉक्सेलमधलं साम्य अंतर वाढेल तसं गाउसच्या वक्राप्रमाणे झपाट्याने ओसरतं, असं तिचं गृहीतक. खरं तर ते साम्य लांबपर्यंत रेंगाळतं, म्हणून निव्वळ गोंगाटातही ऐसपैस क्लस्टर तयार होतात. एक्लुंड, निकोल्स आणि नूटसन यांनी 2016 मध्ये 499 निरोगी माणसांच्या विश्रांतीतल्या स्कॅनचे खोटेच गट पाडून हे तपासलं. गटांत खरा फरक नव्हताच, त्यामुळे जो सापडेल तो चुकीचा होकार; तो 5 टक्के वेळा यायला हवा होता. काही सेटिंगमध्ये तो 70 टक्क्यांपर्यंत गेला. (40,000 पेपर संशयास्पद असल्याची बातमी गाजली, पण तो आकडा लेखकांनी शुद्धिपत्रात काढून टाकला.) क्लस्टर पाडण्याचा उंबरठा (व्हॉक्सेलचं p मूल्य किती खाली असेल तर तो क्लस्टरमध्ये धरायचा) 0.01 असताना घोळ मोठा होता, 0.001 ला बराच कमी. एकेका व्हॉक्सेलवर निकाल दिला तर ही पद्धत उलट जास्तच कडक निघाली.

परम्युटेशनमध्ये गटांची लेबलं हजारो वेळा पिसायची, दरवेळी सर्वांत मोठा क्लस्टर टिपायचा आणि आपला क्लस्टर त्या रांगेत कुठे बसतो ते पाहायचं. वक्राच्या आकाराबद्दल काही मानावं लागत नाही. वेळ मात्र जातो. आणि गृहीतक इथेही आहे: लेबलं अदलाबदल करण्याजोगी हवीत. भावंडं किंवा एकाच माणसाचे दोन स्कॅन असतील तर सरसकट पिसून चालत नाही. एकच गट असेल तर प्रत्येक माणसाच्या आकड्याचं अधिक-उणे चिन्ह उलटवतात, तिथे त्रुटी सममित (दोन्ही बाजूंना सारख्या पसरलेल्या) हव्यात. त्याच अभ्यासात एका गटाच्या काही विश्लेषणांत परम्युटेशनही घसरलं. शिवाय आठच माणसं असतील तर अशा उलटापालटी फक्त 256.

दोन गटांची तुलना असेल तर माझं मत सरळ परम्युटेशनला. एकच गट असेल तर आधी डेटा एका बाजूला कलता आहे का ते बघा. रँडम फील्डच वापरायचं असेल तर उंबरठा 0.001 च्या वर नेऊ नका, आणि तो निकाल पाहण्याआधी ठरवून पेपरात लिहा.