‘ओरिजिनल जपान’ म्हणून गळ्यात मारलेला माल: अ‍ॅम्प्लिफायर जुळवणाऱ्यांनो, जपून

गणपतीच्या आधी नाशकात अ‍ॅम्प्लिफायरच्या सुट्या सामानाला भलतीच मागणी येते आणि त्याच गर्दीत बोगस माल खपवला जातो. शालिमार परिसरातल्या एका दुकानातून मी असाच एक पूर्ण सेट घेतला. बोर्ड, 24-0-24 चा (मधल्या वायरच्या दोन्ही बाजूंना 24 व्होल्ट देणारा) 5 अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, 4700 मायक्रोफॅरडचे 63 व्होल्टचे कपॅसिटर आणि 2एससी5200, 2एसए1943 या ट्रान्सिस्टरच्या जोड्या. “दादा, 500 वॉट आरामात देतो, ट्रान्सिस्टर ओरिजिनल जपान,” असं दुकानदार छातीठोकपणे सांगत होता.

आधी या 500 वॉटचं बघू. 24 व्होल्ट एसी रेक्टिफाय केल्यावर, म्हणजे डीसीत बदलल्यावर, 1.41 पटीने वाढून साधारण 34 व्होल्ट डीसी मिळतात, एकदा प्लस आणि एकदा मायनस. 8 ओहमच्या स्पीकरवर यातून एका चॅनलला कागदावरसुद्धा 72 वॉट आरएमएसच्या, म्हणजे सलग मिळणाऱ्या खऱ्या ताकदीच्या, वर निघत नाहीत. म्हणजे दोन्ही चॅनल मिळून 144. त्यात ट्रान्सफॉर्मरच मुळात 240 व्हीएचा (48 व्होल्ट गुणिले 5 अँपिअर), तो 500 वॉट आणणार कुठून? ते ‘500’ म्हणजे पीएमपीओ, ‘पीक म्युझिक पॉवर आउटपुट’. हा आकडा मोजायची ठरलेली रीत नाही, छापणाऱ्याच्या मनाला येईल तो छापावा.

बरं, 144 तर 144, पण तेही मिळाले नाहीत. आवाज जरा चढवला आणि एका चॅनलचे दोन्ही ट्रान्सिस्टर शॉर्ट झाले. जळालेला एक पान्ह्यात धरून फोडला. 2एससी5200 हा 230 व्होल्ट, 15 अँपिअर आणि 150 वॉटचा ट्रान्सिस्टर, त्यामुळे आतली सिलिकॉनची चिप चांगली मोठी हवी. यात निघाला साबुदाण्याएवढा तुकडा. वरची छपाई मात्र झकास!

मग कपॅसिटरवर संशय आला. ब्लेडने वरचं प्लास्टिक सोलल्यावर खाली दुसरं वेष्टन निघालं आणि त्यावर छापलं होतं 2200 मायक्रोफॅरड, 35 व्होल्ट. मीटरनेही 2100 च्या आसपासच दाखवलं. यात नुसती हम, म्हणजे स्पीकरमधली गुणगुण, वाढण्यापुरती गोष्ट नाही. आमच्याकडे रात्री लाइन 250 व्होल्टपर्यंत चढते, तेव्हा 34 चे 37 होतात. 35 च्या कपॅसिटरवर 37 व्होल्ट पडत राहिले तर तो गरम होऊन फुगतो, कधी फुटतोही.

ट्रान्सफॉर्मर शेजारच्या किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवला, भरला पावणेदोन किलो. तांब्याच्या वायरचा खरा 240 व्हीएचा ट्रान्सफॉर्मर तीन किलोच्या आसपास असायला हवा. टोकाच्या वायरचं लाल एनॅमल खरवडलं तर खाली पांढरं अ‍ॅल्युमिनियम. म्हणूनच सोल्डर धरत नव्हतं. लोड दिल्यावर 24 चे 19 व्होल्ट होत होते.

दुकानदाराचं ठरलेलं उत्तर होतं, “तुम्हीच कुठे तरी शॉर्ट केलं असेल.” फोडलेला ट्रान्सिस्टर आणि सोललेला कपॅसिटर चार गिऱ्हाइकांसमोर काउंटरवर ठेवले तेव्हा त्या दोन्हींचे पैसे निमूट परत आले. ट्रान्सफॉर्मरचे नाही. “चालतोय ना?” म्हणे. चालतो, पण अर्ध्या तासात हात लावू देत नाही.

आता मी खिशात मल्टिमीटर घेऊनच जातो. कपॅसिटर काउंटरवरच मोजतो, ट्रान्सफॉर्मर काट्यावर ठेवायला लावतो. घरी आल्यावर पहिल्यांदा सप्लाय देताना फेजमध्ये 60 वॉटचा साधा तारेचा बल्ब सिरीजला लावतो. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर ठीक, भक्कन पेटून तसाच राहिला तर कुठे तरी शॉर्ट आहे, पण निदान सामान वाचतं.

आणि बिल पक्कंच घ्या, त्यावर ट्रान्सिस्टरचा नंबर आणि कंपनीचं नाव लिहून घ्या. मला मिळालेल्या चिठ्ठीवर नुसतं ‘सामान’ आणि रक्कम होती. असल्या कागदावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे 1915 ला, फोन करून सांगणार काय? “ओरिजिनल आहे, पण बिलावर लिहून देत नाही,” असं कुणी म्हणालं की माल तिथेच ठेवून बाहेर पडा.