कूल ब्लू सांगून डिस्टेंपर मारून गेला

गावचं घर रंगवायला देताय आणि स्वतः मुंबईत बसून फोटोवर काम बघणार आहात, तर आमचं काय झालं ते वाचा. पेंटरचं नाव टाकत नाही, माणूस पंचक्रोशीतलाच आहे आणि आमच्या काकीला तिथेच राहायचंय.

आमचं घर कुडाळ-मालवणच्या मधे, जांभ्याचं, कौलारू. बायकोने मोबाईलवर कुठेतरी तो फिकट निळा, कूल ब्लू का काय म्हणतात तो बघितला आणि ह्या वर्षी माजघर आणि दोन्ही खोल्या त्याच रंगात पाहिजेत असं ठरलं. मे महिन्यात चार दिवस गेलो, एका पेंटरशी बोललो, चांगलं धुता येणारं इमल्शन, पुट्टी प्रायमर सगळं धरून 24 रुपये फूट, एकूण 1600 फूट म्हणजे 38,400. 20 हजार हातात दिले आणि डोंबिवलीला परत.

मग रोज व्हॉट्सअॅपवर फोटो. बादली, झाकणावर शेडचा स्टिकर, भिंत निळीशार. मी खूश, अजून 15 हजार पाठवले. एकदा विचारलं की रंग जरा राखाडी का दिसतोय, तर म्हणाला, "दादा, कूल ब्लू असाच दिसतो, तुमचं माजघर उत्तरेकडे, उजेड कमी." आणि गंमत म्हणजे हे खोटं नाहीच. उत्तरेच्या उजेडात निळा अजून थंड, करडा पडतो, त्यात आमच्या खिडक्या एवढ्या एवढ्या आणि बाहेर पावसाचं आभाळ. मी स्वतः हे वाचलेलं होतं म्हणून तर लगेच पटलं! खरं बोलूनच गंडवलं त्याने.

गणपतीला गेलो. माटवी (गणपतीच्या डोक्यावर टांगायची सजवलेली चौकट) बांधून झाली, मागे पडदा लावायला डबल टेप चिकटवला, तो जरा वाकडा गेला म्हणून ओढला तर टेपला सगळी निळी भुकटी. भिंतीवर पांढरा पट्टा, तोही गणपतीच्या बरोब्बर मागे. तेवढ्यात काकी भिंतीला टेकून बसलेली उठली आणि ओरडलीच, "रे बाबू, माझ्या लुगड्याक निळो रंग लागलो बघ! ह्यो रंग आसा काय नीळ?" मी ओलं फडकं घेऊन भिंतीवरून दोनदा फिरवलं, फडकं निळं. धुता येणारं इमल्शन असं सुटत नाही हो, चांगल्या इमल्शनला पुसलं तर डाग जातो, रंग नाही. हा साधा डिस्टेंपर होता. खडूसारखा, आणि कोकणातल्या ओलीला तर अजूनच लवकर सुटतो.

पुरावा घरातच होता. न्हाणीघरात काकी ज्या बादलीत पाणी भरत होती ती त्यानेच टाकून गेलेली, बाजूला लिहिलेलं 20 किलो. इमल्शन लिटरवर मिळतं, डिस्टेंपर किलोवर, हे तेव्हा नीट डोक्यात शिरलं. मागच्या खोपीत निळ्या स्टेनरच्या, म्हणजे पांढऱ्यात मिसळायच्या गडद रंगाच्या, दोन छोट्या रिकाम्या बाटल्या पण मिळाल्या. म्हणजे पांढरा डिस्टेंपर आणून हातानेच निळा घातला. फिका शेड असला की हे अगदी सोपं, पांढऱ्यात थोडं थोडं टाकत जायचं, फोटोत कोणाचा बाप ओळखणार नाही (दोन खोल्यांचा निळा एकमेकांशी जुळत नव्हता ते पण आत्ता दिसायला लागलं). मग तो झाकणाचा फोटो झूम केला. दुकानातल्या मशीनवर रंग मिसळला की स्टिकरवर शेड नंबर आणि तारीख येते. तारीख फेब्रुवारीची, आमचं काम मे मधे. दुसऱ्या कोणाच्या घरचं झाकण दाखवत होता आम्हाला.

फोन केला तर आधी "ओल आलीय दादा, मी काय करू", मग "गणपती झाले की येतो", आता उचलतच नाही. 3,400 माझ्याकडे अडकलेत तेवढेच. वर डिस्टेंपरवर थेट इमल्शन मारताही येत नाही, सुटणारा थर सगळा खरवडून, प्रायमर मारून मगच, नाहीतर नवा रंग पण पापुद्र्यासकट निघणार. म्हणजे खरवडायची मजुरी वेगळी.

तुम्ही एवढं तरी करा, बिल दुकानाचं मागा, पेंटरच्या वहीतलं नको, त्यावर लिटर लिहिलेत का बघा. इमल्शन साधारण एका लिटरमधे दोन हात मारून 120 ते 140 फूट जातं, त्यावरून किती लागेल हिशोब करा. बादली घरच्या कोणासमोर फोडायला लावा. आणि शेवटचे पैसे भिंत नीट वाळल्यावर, दोनतीन आठवड्यांनी, ओलं फडकं फिरवून मगच. मी 35 हजार देऊन बसलो होतो आणि फडकं फिरवलं चतुर्थीच्या आदल्या रात्री.

आमच्या भिंती अजून तशाच आहेत, दिवाळीनंतर ओल सुकली की खरवडायच्या. काकीने तोवर माजघरातल्या बाकड्यामागे जुनी चादर टांगलीय.