बचावपटू पडद्यावर दिसतो का? : धुळ्यातून पाहिलेल्या आइस हॉकीच्या एका वर्गणीचे परीक्षण

मागील दिवाळीत मी परदेशातील आइस हॉकीचे सामने दाखवणाऱ्या एका ॲपची वर्षभराची वर्गणी भरली. आता ती संपत आली आहे आणि पैसे वसूल झाले की नाही, याचा हिशेब मांडणे मला आवश्यक वाटते. ॲपचे नाव मी जाणीवपूर्वक लिहीत नाही, कारण पुढे काही तक्रारी येणार आहेत आणि त्या एकाच गिऱ्हाइकाच्या अनुभवातून आलेल्या आहेत. वर्गणी भरताना माझा हेतू अगदी मर्यादित होता. कोलोरॅडो ॲव्हलांच या संघाचा बचावपटू केल मकार याच्या व्यावसायिक कारकिर्दीची पहिली काही वर्षे मला सलग, सामन्यामागून सामना अशी पाहायची होती. त्यामुळे ॲपवर इतर किती खेळ आहेत, किती भाषा आहेत, याचा विचार मी येथे करणार नाही. एका तरुण बचावपटूची घडण या सेवेतून दिसते का, एवढाच माझा निकष आहे.

हा नाद मला भाच्यामुळे लागला. तो चौदा वर्षांचा आहे, देवपुरात सिमेंटच्या मैदानावर चाकांचे स्केट्स घालून फिरतो आणि मोबाइलवर मकारच्या गोलांचे तुकडे पाहतो. एके दिवशी त्याने विचारले, "मामा, हा एवढा भारी गोल करतो, तर याला मागे का ठेवतात?" त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. तीस-चाळीस सेकंदांच्या त्या तुकड्यांत तर ते असणे शक्यच नव्हते.

वेळेच्या बाबतीत ही सेवा खान्देशातील माणसाला अनपेक्षितपणे सोयीची आहे. हिवाळ्यात ॲव्हलांचच्या गावी, डेन्वरमध्ये, सायंकाळी ७ वाजता सुरू होणारा सामना आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी ७.३० वाजता सुरू होतो, तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा त्याच वेळेचा सामना पहाटे ५.३० वाजता. मी अवधानच्या औद्योगिक वसाहतीत दुसऱ्या पाळीला जात असल्याने सकाळ माझी असते. थेट सामने त्यामुळे चहाबरोबर होतात. जुने सामने मी सुट्टीच्या दिवशी पाहिले.

जुन्या सामन्यांचा साठा हीच या ॲपची खरी दौलत आहे. मकारचा पदार्पणाचा सामना त्यात संपूर्ण उपलब्ध आहे आणि वर्गणी भरल्यावर मी प्रथम तोच उघडला. १३ एप्रिल २०१९ रोजी बफेलो येथे मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचा संघ राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मिनेसोटा-डुलुथकडून ३-० असा हरला. त्या संघात मकार होता आणि आदल्याच दिवशी त्याला महाविद्यालयीन हॉकीतील सर्वोत्तम खेळाडूचा होबी बेकर पुरस्कार मिळाला होता. पराभवाच्या दुसऱ्या दिवशी त्याने ॲव्हलांचशी करार केला आणि त्याच्या पुढच्या दिवशी, १५ एप्रिलला, तो डेन्वरमध्ये थेट प्लेऑफच्या, म्हणजे हंगामाअखेरीस विजेता ठरवणाऱ्या बाद फेरीच्या, सामन्यात उतरला. समोर कॅलगरी फ्लेम्स, म्हणजे त्याच्या जन्मगावचा संघ. पहिल्याच सत्रात त्याने गोल केला. पदार्पणाचा सामनाच प्लेऑफचा असावा आणि त्यात बचावपटूने गोल करावा, असे एनएचएलच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतील या मुख्य व्यावसायिक लीगच्या, इतिहासात त्यापूर्वी घडले नव्हते. ॲव्हलांचने तो सामना ६-२ असा जिंकला.

हा गोल भाच्याने आणि मी मोबाइलवर पंधरा-वीस वेळा तरी पाहिला होता. संपूर्ण सामना पाहताना मात्र गोलापेक्षा इतर गोष्टींकडे लक्ष गेले. एनएचएलमधील मैदान २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद असते. प्रत्येक संघाचे गोलरक्षकाशिवाय पाच खेळाडू बर्फावर असतात आणि त्यांतले दोन बचावपटू. एक पाळी साधारणपणे पाऊण मिनिटाची असते. तेवढ्यात अंगातील सगळा जोर संपतो आणि खेळाडू धापा टाकत बाकावर येतो. बचावपटूचे बहुतेक काम पकशिवायच, म्हणजे ज्या काळ्या रबरी चकतीने हा खेळ खेळतात तिच्याशिवायच, चालते. अंगावर येणाऱ्या आघाडीपटूकडे तोंड ठेवून उलटे घसरत जायचे, त्याच्यात आणि आपल्यात अंतर इतकेच ठेवायचे की त्याला आत वळता येणार नाही आणि बाहेरून निसटताही येणार नाही, आणि स्टिकचे पाते अशा जागी धरायचे की त्याचा पास तेथेच अडावा. यातील काहीही गुणफलकावर उमटत नाही. विसाव्या वर्षी, दोन दिवसांपूर्वीपर्यंत महाविद्यालयात खेळणारा मुलगा हे काम मोठ्या माणसांपुढे करत होता, हे मला पूर्ण सामन्यातच कळले.

माझे वडील तरुणपणी कबड्डी खेळत. साक्री तालुक्यातील गावाकडून ते काही दिवस आमच्याकडे राहायला आले होते आणि सकाळी माझ्या शेजारी बसून न कळणारा हा खेळ निमूटपणे पाहत. तिसऱ्या दिवशी ते अचानक म्हणाले, "हाऊ पोऱ्या मांगे मांगे पयस, पन नजर पुढेच ठेवस." नंतर त्यांनी मला कोपरारक्षकाचे काम समजावून सांगितले: चढाईपटूला लगेच धरायला धावायचे नाही, त्याला आपल्या बाजूला येऊ द्यायचे आणि त्याचा परतीचा रस्ता बंद झाला की मगच घोट्याला हात घालायचा. समालोचकांनी वर्षभरात जे सांगितले नाही ते आप्पांनी एका वाक्यात सांगितले, असे म्हटले तर ती वडिलांची कौतुकगाथा वाटेल. पण समालोचनाबद्दलची माझी तक्रार खरीच आहे. ते सतत पकच्या मागे धावते, आणि कॅमेराही.

ही या सेवेची सर्वांत मोठी उणीव. एका खेळाडूवर कॅमेरा रोखून संपूर्ण सामना पाहण्याची सोय येथे नाही. पक पुढे गेला की मागचे दोन बचावपटू चौकटीच्या बाहेर जातात आणि त्यांनी निळ्या रेषेपर्यंत, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या क्षेत्राच्या हद्दीपर्यंत, वर यायचे की मागे राहायचे, हा त्यांच्या धंद्यातला सर्वांत कठीण निर्णय आपल्याला दिसतच नाही. दिसतो तो केवळ त्याचा परिणाम. मकारच्या बाबतीत हे विशेष खटकते, कारण त्याचे सगळे वैशिष्ट्य त्या निर्णयात आहे. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्क आयलँडर्सकडून आलेला डेव्हॉन टेव्ज त्याचा जोडीदार झाला आणि पुढे मकार वर गेला की टेव्ज मागची जागा कशी राखतो, हा त्या जोडीचा गाभा बनला. ती देवाणघेवाण पाहण्यासाठी मला प्रत्येक प्रसंग मागे नेऊन, पडद्याच्या कडेला अर्धवट दिसणारी एखादी आकृती शोधावी लागली. मागे-पुढे नेण्याची पट्टीही इतकी हळवी आहे की बोट जरासे सरकले तर दहा सेकंदांऐवजी तीन मिनिटे मागे जाते.

दुसरी उणीव साठ्याच्या सुरुवातीची. मकारची घडण २०१९ मध्ये सुरू झालेली नाही. त्याने अल्बर्टा प्रांतातील ब्रुक्स बँडिट्स या कनिष्ठ संघाकडून खेळून २०१७ च्या निवडप्रक्रियेत, जिच्यात एनएचएलचे संघ क्रमाने नवे खेळाडू निवडतात, चौथे स्थान मिळवले. मुख्य कनिष्ठ लीगऐवजी त्या खालच्या पायरीवरून इतक्या वर निवडले जाणे हेच नवलाचे होते. त्यानंतर लगेच व्यावसायिक करार न करता तो दोन वर्षे महाविद्यालयात राहिला, आणि २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी कॅनडाकडून आलेली विचारणाही त्याने नाकारली. तो येण्याआधीच्या हंगामात त्या विद्यापीठाच्या संघाने अवघे ५ सामने जिंकले होते. त्याच्या दुसऱ्या वर्षी त्यांनी ३१ जिंकले आणि ते अंतिम सामन्यापर्यंत गेले. त्या वर्षी ४१ सामन्यांत १६ गोल आणि ३३ गोलसाहाय्य, ही कामगिरी एका बचावपटूची आहे, हे लक्षात घ्यावे. या दोन वर्षांतला एकही सामना ॲपवर नाही. महाविद्यालयीन सामन्यांचे हक्क वेगळे असणार, हे समजण्यासारखे आहे. पण 'खेळाडूचा प्रवास' या नावाचे एक दालन जाहिरातीत मिरवायचे आणि प्रवासाची पहिली दोन स्थानके गाळायची, हे मला पटले नाही.

उलट, जेथे साठा पूर्ण आहे तेथे तो फार समृद्ध आहे. २०१९-२० चा हंगाम पाहा. मकारने ५७ सामन्यांत १२ गोल आणि ३८ गोलसाहाय्य असे ५० अंक मिळवले आणि सर्वोत्तम नवोदिताची काल्डर ट्रॉफी जिंकली. ॲपवर प्रत्येक सामन्याची तीन रूपे मिळतात: संपूर्ण, दहा मिनिटांची आटोपशीर आवृत्ती आणि गोलांचे तुकडे. मी सुरुवातीला आटोपशीर आवृत्तीवर वेळ वाचवण्याचा प्रयत्न केला आणि आठवडाभरात तो सोडून दिला. त्या दहा मिनिटांत मकार म्हणजे जणू मागून धावत येऊन गोल करणारा आघाडीपटू आहे, असा समज होतो. तो चुकतो कधी, चुकल्यावर परत कसा येतो, हे संपादकाने कापलेले असते. नवोदिताच्या वर्षात पाहण्यासारखे जे असते, ते नेमके तेच.

आटोपशीर आवृत्तीत काय हरवते, याचे उत्तम उदाहरण ३१ मे २०२२ च्या सामन्यात आहे. एडमंटन ऑइलर्सविरुद्धच्या मालिकेतील हा पहिला सामना, आपल्याकडे १ जूनची सकाळ. पहिले सत्र संपत आले असताना मकारने पक निळ्या रेषेच्या आत ढकलला, त्या वेळी त्याचा सहकारी नीचुश्किन आधीपासूनच आत होता. सामान्यतः हा ऑफसाइड, म्हणजे पकच्या आधी सहकारी आत असल्याचा नियमभंग. परंतु मकारने पकला पुन्हा स्टिक लावली नाही. नीचुश्किन मागे येऊन निळ्या रेषेपर्यंत पोहोचेपर्यंत पक मकारपुढे मोकळाच घसरत राहिला आणि मगच मकारने तो घेऊन गोल केला. एडमंटनने आक्षेप घेतला, तो फेटाळला गेला आणि फसलेल्या आक्षेपाची शिक्षा म्हणून त्यांचा एक खेळाडू बाहेर बसला. दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीलाच ॲव्हलांचच्या काद्रीने त्या संधीवर गोल केला. सामना ८-६ असा ॲव्हलांचकडे गेला. ॲपवरील तुकड्यात केवळ गोल आहे, आटोपशीर आवृत्तीत गोल आणि पंचांचा हात आहे. संपूर्ण सामन्यात मात्र पंचांनी घेतलेला वेळ, प्रत्येक कोनातून दाखवलेली दृश्ये आणि समालोचकांचा वादही आहे. भाच्याला आणि मला नियम त्या दहा मिनिटांत कळला. एका प्रसंगासाठी वर्षाची वर्गणी भरणे शहाणपणाचे नसेल, पण मला त्या सकाळी तसे वाटले नाही.

त्या हंगामात मकारने ७७ सामन्यांत २८ गोल आणि ८६ अंक मिळवले, सर्वोत्तम बचावपटूची नॉरिस ट्रॉफी जिंकली आणि २६ जून रोजी टँपा बे लाइटनिंगला हरवून लीगच्या विजेतेपदाचा स्टॅनले कप उचलला. प्लेऑफच्या २० सामन्यांत २९ अंकांसह प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून कॉन स्माइथ ट्रॉफीही त्यालाच मिळाली. तेव्हा तो २३ वर्षांचा होता. या सगळ्या मालिका ॲपवर सलग आहेत आणि क्रमाने लावलेल्या आहेत, याचे श्रेय दिले पाहिजे.

आता व्यवहाराच्या गोष्टी. प्लेऑफ एप्रिलच्या मध्यापासून जूनपर्यंत चालतात आणि धुळ्यात मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर असतो; सकाळी आठलाच कूलर लावावा लागतो, त्यात वीज गेली की इन्व्हर्टरवर कूलर सोडून राउटर चालवायचा, असा आमच्या घरी ठराव झाला होता. घामाघूम होऊन बर्फ पाहण्याचा तो अनुभव वेगळाच. नेट मंद झाले की चित्राची प्रत खाली येते आणि काळा पक अक्षरशः नाहीसा होतो. या खेळासाठी किमान स्पष्टता टिकवण्याचा पर्याय असायला हवा होता. सामन्यांच्या यादीत निकाल झाकण्याची सोय आहे, पण मुखपृष्ठावरील चित्रांत ती लागू होत नाही, त्यामुळे दोनदा माझा रसभंग झाला. ग्राहकसेवेला लिहिलेल्या पत्राला नवव्या दिवशी उत्तर आले आणि त्यात माझ्या प्रश्नाऐवजी पासवर्ड बदलण्याची कृती होती. किंमत म्हणाल, तर महिन्याला घरात शेवभाजी आणि पावाचे जेवढे पार्सल येते, त्याच्या आसपास.

वर्गणी मी पुन्हा भरणार आहे. त्याचे कारण आता मकार हे नाही. त्याची सुरुवातीची वर्षे पाहून झाली. भाच्याला मॉन्ट्रियल कॅनेडियन्सच्या लेन हटसनचे वेड लागले आहे. उंचीने लहान म्हणून २०२२ च्या निवडीत हटसन ६२ व्या स्थानापर्यंत खाली गेला, आणि २०२४-२५ च्या पहिल्या पूर्ण हंगामात ६ गोल, ६० गोलसाहाय्य करून काल्डर ट्रॉफी घेऊन गेला. मॉन्ट्रियलचे घरचे सामने हिवाळ्यात आपल्याकडे पहाटे ५.३० ला असतात, म्हणजे भाच्याच्या शाळेआधी पहिली दोन सत्रे होतात. ज्यांना ही सेवा घ्यायची असेल त्यांनी आधी सूचना बंद कराव्यात, आटोपशीर आवृत्तीला हात लावू नये आणि पहिला सामना पाहताना पक सोडून एकाच बचावपटूवर नजर ठेवावी. तो चौकटीबाहेर गेला, तर तो परत कोठून येतो याची वाट पाहावी.