नोकरी सांभाळून शिकायचंय: व्हिडिओ कोर्स, ऑनलाइन बॅच की समोरासमोर वर्ग?

"कोणता कोर्स चांगला?" नोकरी करता करता काही नवं शिकू पाहणारा माणूस हमखास हाच प्रश्न विचारतो. मी बरीच वर्षं मोठ्या माणसांना कॉम्प्युटर शिकवते, वर्गातही आणि ऑनलाइनही. त्या अनुभवावरून सांगते, कोर्सचं नाव नंतर बघू. आधी हे बघा, की तुमची चूक कुणाच्या नजरेस पडणार आहे.

शिकण्याच्या साहित्याची टंचाई केव्हाच संपली. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाने आपल्या अभ्यासक्रमांचं साहित्य इंटरनेटवर सगळ्यांना मोफत द्यायचं २००१ मध्ये जाहीर केलं. २०११ मध्ये सेबॅस्टियन थ्रन आणि पीटर नॉर्व्हिग या शिक्षकांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाचा कृत्रिम बुद्धिमत्तेचा कोर्स ऑनलाइन खुला केला, तेव्हा सुमारे १,६०,००० जणांनी नावं नोंदवली. पुढच्याच वर्षी कोर्सेरा आणि एडएक्स ही ऑनलाइन कोर्सची संकेतस्थळं सुरू झाली. आत येणाऱ्यांची रीघ लागली, शेवटपर्यंत टिकले ते फार थोडे. एमआयटी आणि हार्वर्डच्या एडएक्सवरच्या कोर्सेसचा अभ्यास २०१९ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आला. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवलेल्यांपैकी जेमतेम ३ टक्के लोकांनी कोर्स पुरा केला होता. प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांत हे प्रमाण ४६ टक्के होतं. एखादाच धडा हवा म्हणूनही लोक येतात, त्यामुळे पहिल्या आकड्याने मी फार अस्वस्थ होत नाही. पण पदरचे पैसे घालून बसलेलेही निम्म्याहून जास्त गळतात, हे मला लागतं.

रेकॉर्ड केलेला कोर्स

याचे फायदे खरे आहेत. कामाची पाळी बदलत असेल, घरात आजारी माणूस असेल, ठरावीक वेळ देणं शक्यच नसेल, तर दुसरा मार्ग नाही. ऐकायला कमी येणाऱ्याला सबटायटल्स मिळतात. आणि पन्नाशीच्या माणसाला तीच गोष्ट तिसऱ्यांदा विचारायला जो संकोच वाटतो, तो इथे नसतो. मागे नेऊन पुन्हा बघता येतं.

अडचण कुठे येते, ते सांगते. हिशेबाच्या खात्यात काम करणारे एक गृहस्थ स्प्रेडशीटचा व्हिडिओ कोर्स संपवून माझ्याकडे आले. सगळ्या धड्यांपुढे हिरव्या खुणा होत्या. मी त्यांना एक साधी फाइल दिली आणि म्हटलं, तारखेनुसार लावून दाखवा. त्यांनी बरोबर बटण दाबलं, आणि सगळ्या महिन्यांच्या एक तारखा वर आल्या, त्याखाली सगळ्या दोन तारखा. माउसवरचा हात तिथेच थांबला. "व्हिडिओत तर नीट झालं होतं," ते म्हणाले. व्हिडिओतली फाइल मुळातच नीट होती. या फाइलमधल्या तारखा मजकूर म्हणून टाइप झाल्या होत्या. मी एवढंच म्हटलं, "तारखा रकान्यात कुठल्या बाजूला चिकटल्यात बघा." त्या डावीकडे होत्या, खरी तारीख एरवी उजवीकडे बसते. पुढचं त्यांनी स्वतः शोधलं.

कोर्स वाईट नव्हता. त्यांची चूक बघणारं तिथे कुणी नव्हतं, आणि व्हिडिओ बघताना चूक होतच नाही. समोरचा माणूस सफाईने करत जातो आणि आपल्याला वाटतं, हे मलाही येतंय. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये केलेल्या प्रयोगात मजकूर पुन्हा पुन्हा वाचणारे लगेचच्या चाचणीत पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिण्याचा सराव केलेले पुढे निघाले. म्हणून रेकॉर्ड केलेला कोर्स घेणार असाल, तर प्रत्येक धड्यानंतर व्हिडिओ बंद करा आणि दुसऱ्या दिवशी तेच काम स्वतःच्या कामातल्या फाइलवर करून बघा. याला वेळ जवळजवळ दुप्पट लागतो, तो आधीच धरून चला.

लाइव्ह ऑनलाइन बॅच

इथे वेळ बांधलेली असते आणि नोकरदाराला त्याचा आधारच होतो. पण 'लाइव्ह' या शब्दावर जाऊ नका. शंभर जणांची बॅच, सगळ्यांचे कॅमेरे बंद, प्रश्न चॅटमध्ये वाहून जाणारे, असा वर्ग म्हणजे ठरावीक वेळेला लागणारा व्हिडिओच. नाव घालण्याआधी तीन गोष्टी विचारा: बॅचमध्ये किती जण? शिकणाऱ्याला स्वतःची स्क्रीन दाखवून काम करावं लागतं का? दिलेला गृहपाठ माणूस तपासतो का? तिन्ही उत्तरं पटली, तर माझ्या मते बहुतेक नोकरदारांसाठी हाच मार्ग सगळ्यात चांगला. 'रेकॉर्डिंग मिळेल' हे आमिष मात्र जपून घ्या. नंतर बघू म्हणून चुकवलेले तास साचत जातात आणि माणूस हळूच बॅचमधून नाहीसा होतो.

समोरासमोर वर्ग

हाताचं काम असेल, वेल्डिंग, शिवण, रुग्णाची शुश्रूषा, तर फार विचार करू नका, वर्गच गाठा. मनगट किती वळलं, दाब किती पडला, हे शेजारी उभ्या माणसालाच कळतं. मोबाइल पहिल्यांदाच हातात घेणाऱ्यालाही मी वर्गच सुचवते, कारण त्याला अडलंय कुठे हेच सांगता येत नसतं. बाकी बाबतीत येण्याजाण्याचा वेळ हिशेबात घ्या. आणि फळ्यापुढे तासभर नुसतं बोलत राहणाऱ्या शिक्षकापेक्षा चांगला व्हिडिओ केव्हाही बरा.

चॅटबॉटचं काय, असं हल्ली सगळेच विचारतात. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून रात्री अकरालाही शंका विचारायची सोय झाली, ही मोठीच गोष्ट आहे. पण त्याच्याकडे थेट उत्तर मागू नका. आपण काय केलं ते लिहा आणि फक्त इशारा मागा. मात्र तो चुकीचं उत्तरही तितक्याच ठामपणे देतो. ते पडताळण्याइतकं ज्याला येतं, त्यालाच त्याचा उपयोग होतो. अगदी नवख्या माणसाने त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नये.

प्रमाणपत्र हवं असेल, तर ज्याला ते दाखवायचं त्यालाच आधी विचारून घ्या, चालेल का म्हणून.

त्या गृहस्थांनी व्हिडिओ कोर्सच चालू ठेवला, वेळ त्यांना तेवढाच जमतो. पण दर पंधरा दिवसांनी ते आपल्या खात्यातली एखादी बिघडलेली फाइल घेऊन येतात आणि अर्धा तास माझ्यासमोर बसून दुरुस्त करतात. गेल्या खेपेला तारखांच्या रकान्यात काही नोंदी डावीकडे होत्या. मी बोलायच्या आत त्यांनी बोट ठेवलं.