पसाउ ते व्हिएन्ना, डॅन्यूबकाठची सायकलवाट: मोटारी टाळायच्या तर काठ बदला

जर्मनीतल्या पसाउपासून व्हिएन्नापर्यंतची डॅन्यूबकाठची वाट साधारण 325 किमीची आहे. टूर विकणारे तिला सरसकट ‘मोटारमुक्त’ म्हणतात, ते निम्मंच खरं. वाट नदीच्या दोन्ही काठांनी जाते, दोन्हीकडे ‘डोनाउराडवेग’ हीच पाटी असते, आणि एका काठावर पाखरांचा आवाज ऐकू येत असतो तेव्हा पलीकडे कानाशी ट्रक घोंघावत असतो. कुठे कोणता काठ धरायचा हे कळलं तर एवढी निवांत सायकलवाट शोधून सापडायची नाही. नाही कळलं तर हमरस्त्याला चिकटलेल्या पट्टीवरून दिवस काढावा लागतो.

बहुतेक भाग जुन्या ट्रेपेलवेगवरून जातो. प्रवाहाविरुद्ध होड्या ओढणाऱ्या घोड्यांसाठी पाण्याच्या कडेने केलेली ही वाट, म्हणून चढ जवळपास नाहीच. पसाउ ते व्हिएन्ना मिळून उतार जेमतेम दीडशे मीटर. वारा बहुतेक दिवस पश्चिमेचा, म्हणून सगळे पसाउकडून निघतात. उलट दिशेने जाणाऱ्यांना चढ नाही, वारा रडवतो.

पसाउहून डावा, म्हणजे उत्तरेचा काठ धरा. योखेनश्टाइन धरणापर्यंतचे पहिले वीसेक किमी रस्त्यालगतचे आहेत. पट्टी वेगळी असली तरी आवाज सुटत नाही. उजव्या काठालाही हीच गत. काठ न बदलता धरण मागे टाकलं की रस्ता गायब होतो आणि एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला जंगलाचा तीव्र उतार एवढंच उरतं. पुढे श्ल्योगनला कठीण ग्रॅनाइट आडवा आल्याने नदी जवळजवळ उलटी फिरते. इथे डाव्या काठाची वाट आउ वस्तीपाशी संपते, आणि पाटी न वाचणारे नेमके इथेच अडकतात. होडीने समोर श्ल्योगनला उतरा. दुसरी होडी नदीच्या लांबीने ग्राफेनाउपर्यंत नेते, पण ती घेऊ नका: उजव्या काठाचा श्ल्योगन ते आशाख हा तुकडा सबंध वाटेवरचा सर्वांत शांत आहे, तो चुकवून काय मिळवायचं? वळण वरून बघायचं असेल तर श्ल्योगनला सायकल कुलूप लावून ठेवा आणि अर्धा-पाऊण तास डोंगर चढा. पायवाट दगडांची आणि मुळांची आहे, सायकलच्या क्लीटवाल्या बुटांनी घसराल.

आशाखनंतर पुन्हा डावा काठ. तिथला ओटेन्सहाइम ते लिंझ हा या वाटेचा डाग. नऊ-दहा किमी एका बाजूला वाहता महामार्ग, दुसऱ्या बाजूला रूळ. मान खाली घालून उरकून टाका. लिंझनंतर डावा काठ पुन्हा पूरबांधावरून जातो, सपाट आणि मोकळा. माउटहाउझेनला छळछावणीचं स्मारक (1938 ते 1945) गावाच्या वर टेकडीवर आहे. सबंध वाटेवर खरा चढ म्हणावा तो तिथेच. अर्धा दिवस राखूनच जा, तासाभरात उरकायची ती जागा नाही. मग माखलांडची शेतं लागतात. इथे वाट नदी सोडून आत वळते, पाट्या विरळ होतात, म्हणून मोबाइलवर वाटेची जीपीएक्स फाइल (नकाशावर वाट दाखवणारी) आधीच उतरवून ठेवा.

ग्राइनला काठ बदलायचाच. पुढच्या श्ट्रुडेनगाउ घळीत डाव्या काठाला हमरस्ता आहे, उजव्या काठावर इब्सपर्यंत मोटारी अगदी तुरळक. पलीकडे नेणारी छोटी होडी फक्त हंगामात चालते. ती बंद असेल तर गावाच्या अलीकडच्या, प्रवाहाच्या वरच्या बाजूच्या पुलाकडे मागे फिरावं लागतं. म्हणून ग्राइनमध्ये शिरण्याआधीच चौकशी करा.

मेल्क ते क्रेम्स हे 36 किमी म्हणजे वाखाउ, 2000 पासून युनेस्कोच्या यादीत. बहुतेक जण मेल्कचा मठ बघून पूल ओलांडतात आणि डाव्या काठाने सुटतात. आमचं मत वेगळं. मेल्कहून उजव्याच काठाने श्योनब्यूल, आग्सबाख करत आर्न्सडॉर्फपर्यंत जा: जर्दाळूच्या बागा, लहान गावं, रहदारी कमी. तिथून फेरीने श्पिट्झला उतरा आणि द्राक्षमळ्यांमधून वायसनकिर्खन, ड्यूर्नश्टाइनमार्गे क्रेम्स गाठा. दोन्ही काठांचं उत्तम तेवढं पदरात पडतं. एकच चुकतं, डाव्या काठावरचं विलेनडॉर्फ, जिथे 1908 साली अकरा सेंटिमीटरची ती प्रसिद्ध अश्मयुगीन स्त्रीमूर्ती सापडली. अस्सल मूर्ती व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे, त्यामुळे हळहळण्याचं कारण नाही.

श्पिट्झची ही फेरी नीट बघावी अशी. गोव्यातल्या फेरीबोटीसारखी सपाट, गाड्याही घेणारी, पण इंजिन नाही. नदीच्या वरून आडवी पोलादी तार ताणलेली असते, तिच्यावरून कप्पी सरकते आणि कप्पीला बोट बांधलेली असते. नावाडी सुकाणूने बोट प्रवाहाशी तिरकी धरतो. पाणी कुशीवर दाबतं, तार तिला वाहून जाऊ देत नाही, मग बोटीला आडवं सरकण्यावाचून गत्यंतर नसतं. धक्का सुटल्यावर फक्त कप्पीची घरघर ऐकू येते. हिला वेळापत्रक नाही, माणसं आली की निघते. संध्याकाळी लवकर बंद होते. पाणी फार चढलं किंवा फार उतरलं तरीही बंद. सुटे युरो हाताशी ठेवा.

वाखाउतली दुसरी अडचण खुशीची आहे. दारावर झाडाची फांदी टांगलेली दिसली की तिथे घरची वाइन मिळते. सायकलस्वारालाही ऑस्ट्रियात मद्याची मर्यादा आहे, रक्तात 0.8 प्रति हजार. इथल्या वाइनच्या प्रकारांत ‘श्टाइनफेडर’ सर्वांत हलकी, ‘स्मारागद’ सर्वांत कडक. दुपारी सायकल चालवायची असेल तर पहिलीवर थांबा. शाकाहारींना केझेश्पेत्सले (चीजमधल्या शेवयांसारखा प्रकार) आणि जुलैत ताज्या जर्दाळूचे मारिलेनक्न्योडेल (आत जर्दाळू भरलेले उकडलेले गोळे). केझेश्पेत्सले बेकनशिवाय हवे हे सांगून मागवा. हॉटेलांचा साप्ताहिक सुट्टीचा दिवस दारावर ‘रूहेटाग’ असा लिहिलेला असतो. रविवारी किराण्याची दुकानं बंद, शनिवारीही सहाच्या आत खरेदी उरका. हे विसरणाऱ्याची रविवारची न्याहारी पेट्रोल पंपावर होते.

क्रेम्सनंतर वाट बदलते. उजव्या काठाने ट्राइसमाउअर, त्स्वेन्टेनडॉर्फ, टुल्न: बांध नाकासमोर सरळ, सावली कमी, आणि पूर्वेचा वारा असेल तर दमछाक. वाट त्स्वेन्टेनडॉर्फच्या अणुभट्टीजवळून जाते. पूर्ण बांधून झालेली ही भट्टी 5 नोव्हेंबर 1978 च्या सार्वमतात 50.47 टक्के लोकांनी नाकारली आणि ती कधी सुरूच झाली नाही.

आता सायकल. 35 ते 40 मिमी टायरची टूरिंग किंवा हायब्रिड पुरते, डांबर बहुतेक ठिकाणी चांगलं आहे. झाडांच्या मुळांनी ते जागोजागी उचललंय, म्हणून सावलीच्या भागात वेग कमी ठेवा. पसाउला भाड्याने घेऊन व्हिएन्नाला परत करता येते, पण भाड्याच्या सायकलींत तीन गोष्टी घ्यायच्या आधी बघा. अनेकींना मागच्या चाकात बॅकपेडल ब्रेक असतो: पेडल उलटं फिरवलं की चाक आवळतं. आपल्याकडच्या सायकलींवर सवय झालेला माणूस सिग्नलला पेडल वर घ्यायला जातो आणि जागीच खिळतो. साधं फ्रीव्हील हवं असेल तर बुक करतानाच ‘फ्रायलाउफ’ असं लिहा. दुसरी, व्हॉल्व्ह. भाड्याच्या सायकलींत व्हॉल्व्हच्या तीन प्रकारांपैकी कोणताही असू शकतो, बरोबर दिलेला पंप त्यालाच बसतो का ते दुकानातच लावून बघा. तिसरी, गिअर हबमध्ये असेल तर मागच्या चाकाला क्विक रिलीज नसतो. 15 मिमीचा पाना लागतो, शिवाय ब्रेकची पट्टी आणि गिअरची केबल सोडवावी लागते. त्यापेक्षा आपल्या पंक्चरवाल्याची रीत बरी: चाक काढायचंच नाही, टायरची एक कड उचलून ट्यूब तेवढी बाहेर ओढायची, भोक शोधून ठिगळ लावायचं. ठिगळाचा डबा आणि दोन लिव्हर बास.

पावसाळी आठवड्यानंतर निघणार असाल तर आधी पाण्याची पातळी बघा. जून 2013 मध्ये पसाउला नदी 12.89 मीटरपर्यंत चढली होती. एवढं दरवेळी होत नाही, पण साधा पूरही ट्रेपेलवेगवर बोटभर गाळ सोडून जातो. ओला असताना तो साबणासारखा असतो, वाळल्यावर त्याची बारीक धूळ साखळीत बसते. तेल भरपूर लावण्याआधी फडक्याने साखळी कोरडी पुसा, नाहीतर दोन दिवसांत करकर सुरू होईल.

सात दिवस धरा: श्ल्योगन, लिंझ, ग्राइन, मेल्क, क्रेम्स, टुल्न, व्हिएन्ना. पाचातही होतं, पण मग वाखाउ एका सकाळीत जातं. मे ते सप्टेंबर हंगाम. जुलै-ऑगस्टमध्ये श्ल्योगन आणि ग्राइनच्या खोल्या आधी संपतात, त्या आधी ठरवा. म्युनिकहून पसाउला लोकल गाडीने जाताना सायकलीचं तिकीट वेगळं काढावं लागतं, ‘डॉइचलांडटिकेट’ (जर्मनीभर लोकल गाड्यांना चालणारा मासिक पास) सायकलीला चालत नाही. परतीच्या जलद गाडीत सायकलीच्या जागा मोजक्या, राखून ठेवाव्या लागतात.

शेवटच्या दिवशी टुल्नहून उजव्या काठाने क्लोस्टरनॉयबुर्गपर्यंत जा. तिथून पाट्या थेट शहरात, डॅन्यूब कालव्याच्या कडेने नेतात. घाई नसेल तर न्युस्डॉर्फपाशी डाव्या हाताचा पूल घेऊन डोनाउइन्झेलवर उतरा. हे 21 किमी लांब बेट जवळपास मोटारविरहित आहे, आणि उन्हाळ्यात टॉवेल वर काढून ठेवलेला असेल तर तिथेच नदीत उतरता येतं.