टीएलपी: चार्जर दिवसभर लावून ठेवणाऱ्यांनी टाकावंच असं

लिनक्सवर थिंकपॅड (लेनोवोचा लॅपटॉप) वापरत असाल, त्यातही तो सेकंडहँड टी४८०, आणि घरून काम म्हणजे चार्जर सकाळपासून लागलेलाच असेल, तर टीएलपी टाकून घ्याच. फुकट आहे, ओपन सोर्स आहे. पॉवर वाचवणारं सॉफ्टवेअर म्हणून लोक ओळखतात पण मला विचाराल तर त्याचं सगळ्यात कामाचं फीचर एकच, बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवणं. बाकीच्या सेटिंग डिफॉल्ट आहेत तशाच छान चालतात, मी त्यांना हात लावत नाही.

थांबवायची कशाला, तर लिथियम आयन सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्टच्या आसपास असतो आणि तसाच भरलेला राहिला, वरून गरम राहिला, की आतल्या आत झिजत जातो, मग तुम्ही लॅपटॉप वापरा नाहीतर कपाटात ठेवा. बॅटरी युनिव्हर्सिटी साइटवर याचा एक तक्ता आहे. २५ अंशांत वर्षभर ४० टक्क्यांवर ठेवलेल्या सेलची ९६ टक्के क्षमता शिल्लक राहते, फुल ठेवलेल्याची ८०. तापमान ४० अंश केलं की तेच आकडे ८५ आणि ६५ होतात. मी अकोल्यात राहते, मे महिन्यात इथे कूलर लावूनही टेबलावरचा लॅपटॉप काही २५ अंशांवर राहत नाही. उन्हाळा आपल्या हातात नाही, किती टक्क्यांवर थांबवायचं ते तरी आहे ना.

सेटिंग अगदी सोपं आहे. ईटीसी फोल्डरमधली टीएलपी डॉट कॉन्फ फाइल उघडायची, चार्ज थ्रेशोल्डच्या (चार्जिंग किती टक्क्यांवर सुरू आणि कुठे बंद) ओळी शोधायच्या, ओळीच्या सुरुवातीचा हॅश (#) काढायचा, स्टार्ट ७५ आणि स्टॉप ८० ठेवायचं, सेव्ह करून टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या विंडोत, सुडो टीएलपी स्टार्ट मारायचं, झालं. टी४८० मध्ये दोन बॅटऱ्या असतात, आतली २४ वॉट अवरची आणि मागची काढता येणारी, म्हणून बॅट शून्य आणि बॅट एक दोन्हीच्या ओळी भरा. एकच भरली तर दुसरी आपली रोज शंभरपर्यंत जात राहणार.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या कारण यावरून खूप जण घाबरतात. बॅटरी ७८ वर असताना चार्जर लावला तर ती चार्ज होतच नाही, कितीही वेळ लावून ठेवा. चार्जर बिघडलेला नाही, ७५ च्या खाली गेल्याशिवाय चार्जिंग सुरू करू नको असं आपणच सांगितलंय. हे फार चांगलं आहे, नाहीतर पाच मिनिटं चार्जर काढला आणि लावला की दरवेळी थोडंथोडं चार्जिंग होत बसतं.

आणि लाईट जाणार असेल तेव्हा काय? आमच्याकडे दुरुस्तीच्या नावाखाली लाईट दुपारपर्यंत गायब असते, मेसेज आदल्या दिवशी येतो. अशा वेळी रात्रीच सुडो टीएलपी फुलचार्ज द्यायचं, पुढे बॅट शून्य किंवा बॅट एक लिहून, म्हणजे ती बॅटरी तेवढ्यापुरती शंभरपर्यंत भरते आणि रीबूट केल्यावर तुमचं ७५-८० परत लागू होतं. कॉन्फ फाइल पुन्हा उघडायची गरज नाही. मला या सॉफ्टवेअरमधलं सगळ्यात जास्त आवडलेलं हेच.

बॅटरीची तब्येत बघायची तर सुडो टीएलपी-स्टॅट (मधे डॅश), पुढे डॅश बी. डिझाइन कपॅसिटी (नवी असतानाची), आत्ताची फुल कपॅसिटी आणि सायकल काउंट (किती वेळा पूर्ण वापरून भरली) तिन्ही समोर येतात. सेकंडहँड मशीन घेताना दुकानात लाइव्ह पेनड्राइव्हवरून (इन्स्टॉल न करता) लिनक्स चालू करून डिझाइन आणि फुल कपॅसिटी बघून घ्या, दुकानदाराच्या "बॅटरी मस्त आहे मॅडम" वर जाऊ नका. विंडोजवर असाल तर पॉवरसीएफजी कमांडचा बॅटरी रिपोर्ट तेच दाखवतो.

महिन्यातून एकदा बॅटरी शून्यावर आणा हा सल्ला अजून फिरतोय, तो जुन्या निकेल कॅडमियमचा आहे, सोडून द्या.

खटकतं ते पण सांगते. स्वतःची विंडो नाही, सगळं टर्मिनलमधून, टीएलपीयूआय नावाचं वेगळं सॉफ्टवेअर आहे पण ते दुसऱ्यांचं. पॉवर प्रोफाइल्स डीमन (लिनक्समधला पॉवर सांभाळणारा दुसरा प्रोग्राम) आधीपासून चालू असेल तर दोघांचं जमत नाही, ते बंद करायला लागतं. आणि जिनोम ४८ (लिनक्सचा एक डेस्कटॉप) मध्ये बॅटरी जपायचं बटण सेटिंगमध्येच आलंय, तेवढंच हवं असेल तर आधी ते दाबून बघा, पण स्वतःचा आकडा टाकायचा असेल तर मला टीएलपीच बरं वाटतं.

थिंकपॅड सोडून दुसरा लॅपटॉप असेल तर आधी डॅश बी वाली कमांड चालवा, थ्रेशोल्ड सपोर्ट आहे की नाही ते तिथेच कळतं. लेनोवोच्याच आयडियापॅडवर आकडा निवडता येत नाही, कंझर्वेशन मोड फक्त चालू किंवा बंद, आणि तो मॉडेलप्रमाणे ६० किंवा ८० ला थांबतो. काही मॉडेलना सपोर्टच नसतो, मग बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) चार्ज लिमिट आहे का ते शोधा, डेलच्या बऱ्याच मशीनमध्ये असतं.